सॉकेट निघते, भिंतीतली वायर मात्र राहते

दसरा-दिवाळी जवळ आली, की कांदिवलीतल्या इमारतींच्या जिन्यांतून रंगाच्या बादल्या आणि शिड्या वर जाऊ लागतात. महावीर नगर असो, ठाकूर कॉम्प्लेक्स असो की चारकोपमधली छोट्या भूखंडांवरची घरे. रंगकाम सुरू झाले की पहिला हात जातो तो स्विचबोर्डाकडे. प्लेटच्या कडेला रंगाची रेघ उठू नये म्हणून रंगारी स्क्रू सैल करतो, सॉकेट भिंतीपासून पुढे ओढतो आणि ते वायरींच्याच आधाराने लोंबकळत ठेवून मागची भिंत रंगवून घेतो. या साऱ्या काळात घरातली वीज बहुधा चालूच असते. फ्रिज बंद ठेवायचा नसतो, मोबाइल चार्ज करायचा असतो आणि रंगाऱ्यालाही संध्याकाळी उजेड हवा असतो.

दुसरा प्रकार याहून शांतपणे घडतो आणि म्हणूनच अधिक गंभीर आहे. नवे कपाट येते, स्वयंपाकघराच्या टाइल्स बदलतात, टीव्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो आणि एखादे सॉकेट नकोसे होते. ते काढले जाते. मात्र त्याच्या मागे असलेल्या वायरी काढता येत नाहीत, कारण पुढच्या खोलीतला पॉइंट त्याच वायरींवर चालत असतो. मग त्या एकमेकींना पीळ देऊन जोडल्या जातात, वर काळी टेप गुंडाळली जाते, खोबणीत सिमेंट किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस भरले जाते आणि त्यावर रंगाचे दोन हात मारले, की भिंत जणू कोरी होते. वीज मात्र त्या भिंतीतून पूर्वीसारखीच वाहत राहते.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कामाचा विचार करण्याचे कारण कांदिवलीला नवे नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या संध्याकाळी, मथुरादास मार्गावरील हंसा हेरिटेज या उंच इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर आग लागून दोघींचा मृत्यू झाला. २३ ऑक्टोबर २०२३ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, महावीर नगरातील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लागलेल्या आगीत दोन जीव गेले. त्यांतला एक आठ वर्षांचा मुलगा होता. या दोन आगींचे खापर एखाद्या सॉकेटवर फोडण्याचा इथे हेतू नाही. मात्र अशा प्रत्येक घटनेनंतर ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द उच्चारला जातो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय अग्निशमन यंत्रणा, अडवलेले जिने व सोसायटीचे पदाधिकारी यांच्याकडे वळतो. शॉर्टसर्किट होते म्हणजे नेमके काय होते, घरातल्या कोणत्या कामामुळे ते ओढवते, इथपर्यंत चर्चा क्वचितच पोहोचते.

सॉकेट हाच सांधा

सर्वसामान्य समज असा, की सॉकेट म्हणजे वायरीचे शेवटचे टोक. ते काढले म्हणजे तिथला विषय संपला. नळ काढून पाइपाला बूच मारावे तसे. प्रत्यक्षात आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये सॉकेट हे पुष्कळदा शेवटचे टोक नसून मधला सांधा असते. मीटरकडून आलेली फेज एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर ‘लूप’ करून नेलेली असते. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्या वायरी तर सॉकेटच्याच टर्मिनलमध्ये दोन-दोन कोंबलेल्या असतात. एक आलेली, दुसरी पुढे गेलेली. त्या दोघींना एकत्र धरून ठेवणारा पितळी स्क्रू सॉकेटच्या पोटात असतो. सॉकेट काढले म्हणजे तो स्क्रूही गेला.

यात फेज तुटली तर पुढचा पॉइंट बंद पडतो आणि चूक तत्काळ कळते. न्यूट्रल तुटली तर प्रकार फसवा होतो. पुढच्या खोलीतले उपकरण चालत नाही, म्हणून घरातली मंडळी वीज नाही असे समजतात. पण त्या वायरीवर एखादे उपकरण जोडलेले आणि चालू ठेवलेले असेल, तर फेजचा दाब त्याच्यातून फिरून न्यूट्रलच्या बाजूला येतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, तो यामुळेच. अनुभवी वायरमनला हे लक्षण पाहताक्षणी उमगते, नवख्याला मात्र ते कोडे वाटते आणि तो भलत्याच ठिकाणी बोर्ड उघडत बसतो.

सर्वांत घातक प्रकार अर्थिंग तुटण्याचा. त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, गिझर पाणी तापवतो, फ्रिज थंड राहतो. सगळे सुरळीत असते आणि मधल्या एका सॉकेटबरोबर पुढच्या साऱ्या पॉइंटांचे संरक्षण नाहीसे झालेले असते. उद्या फ्रिजच्या आतली एखादी वायर घासून पत्र्याला टेकली, तर एरवी जो प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत गेला असता आणि एमसीबी किंवा फ्यूज उडवून गेला असता, तो पत्र्यावर दबा धरून बसतो. ओल्या हाताने दार उघडणाऱ्याची वाट पाहात. बैठकीच्या खोलीत काढलेल्या सॉकेटचा हिशेब स्वयंपाकघरात, कदाचित काही वर्षांनी, चुकता होतो आणि तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे कोणी उरलेले नसते.

बंद केले म्हणजे नेमके काय बंद केले?

रंगकामापुरते सॉकेट सैल करून वायरी तशाच जोडलेल्या ठेवायच्या असतील, तर काम अवघड नाही. पण त्यातली पहिलीच पायरी बहुतेक वेळा चुकते. सॉकेटशेजारचे बटण बंद केले म्हणजे ते सॉकेट निर्जीव झाले, असे मानले जाते. बटण फेजवर असेल तर सॉकेटच्या एका पिनेपुरते ते खरे. परंतु त्याच डब्यातून पुढच्या बोर्डाकडे जाणारी फेज बटणाच्या अलीकडूनच घेतलेली असते आणि ती जिवंत राहते. जुन्या वायरिंगमध्ये तर बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले सापडते. तिथे बटण बंद असतानाही सॉकेटमध्ये फेज हजर असते.

म्हणून वीज तोडायची ती बटणाने नव्हे, तर त्या वायरीच्या एमसीबीने. त्यातही एकाच मोठ्या बोर्डावर दिव्या-पंख्यांची जोडणी एका एमसीबीवरून आणि सोळा अँपियरचे पॉवर सॉकेट दुसऱ्या एमसीबीवरून आलेले असू शकते. कोणती एमसीबी कशाची हे नक्की ठाऊक नसेल, तर सरळ मेन स्विच बंद करणे उत्तम. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे तो स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. मुंबईत वीज फारशी जात नसल्याने इन्व्हर्टर कमी घरांत असतात, आणि म्हणूनच जिथे असतो तिथे तो विसरला जातो. काम चालू असताना घरातल्याच कोणी अजाणता एमसीबी वर करू नये, यासाठी तिच्यावर चिकटपट्टी लावून कागद डकवणे हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण तोच उपयोगी पडतो.

त्यानंतर खात्री. खिशातल्या साध्या टेस्टरचा निऑन दिवा माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. माणूस लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत उभा असेल आणि खिडकीतून भर दुपारचे ऊन येत असेल, तर तो लागलेला दिसेलच असे नाही. न पेटलेला टेस्टर म्हणजे वीज नसल्याचा पुरावा नव्हे. जाणता वायरमन म्हणूनच टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर लावून पाहतो, मग कामाच्या वायरींवर, आणि शेवटी पुन्हा त्या चालू पॉइंटवर. मल्टिमीटर किंवा दोन टोकांचा टेस्ट लॅम्प असेल तर अधिक चांगले.

इतके झाल्यावर प्लेट सैल करावी, टर्मिनलच्या उघड्या भागाभोवती इन्सुलेशन टेपचे दोन फेरे द्यावेत आणि सॉकेटचा भार वायरींवर न टाकता ते डब्यातच तिरके ठेवावे. ओली लांबी आणि ओला रंग वीज वाहून नेतात. तेव्हा भिंत सुकून प्लेट पुन्हा घट्ट बसेपर्यंत त्या एमसीबीला हात लावू नये. परत बसवताना टर्मिनलचे स्क्रू एकदा आवळून पाहणे आवश्यक असते, कारण ओढाताणीत ते सैल होतात आणि सैल टर्मिनल हा पुढच्या कटकटीचा आरंभ असतो.

पीळ आणि टेप

कायमचे सॉकेट काढायचे असेल तर प्रश्न असा, की ते साखळीचे शेवटचे टोक आहे की मधला सांधा. शेवटचे असेल, तर त्याची वायर मागच्या पॉइंटवरूनच सोडवून टाकावी. म्हणजे भिंतीत उरणारी वायर निर्जीव उरते. एअर कंडिशनरच्या सॉकेटला बहुधा स्वतंत्र वायर असते, ती एमसीबीपाशी सोडवता येते. सॉकेट मधले असेल तर फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल आणि अर्थिंगला अर्थिंग अशा तिन्ही जोड्या योग्य क्षमतेच्या, स्क्रूच्या किंवा दाबपट्टीच्या कनेक्टरने जोडाव्यात. हे कनेक्टर त्याच डब्यात ठेवावेत आणि डब्यावर ब्लँक प्लेट बसवावी. स्विचबोर्ड विकणाऱ्या कोणत्याही दुकानात ती अगदी माफक किमतीला मिळते.

आता पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडाचे गणित पाहू. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर प्रवाह घेतो. पीळ दिलेल्या तांब्यावर कालांतराने गंज चढला, जोड सैल झाला आणि तिथे अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला असे धरले, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंग आयर्न पंचवीस ते पस्तीस वॉटचे असते. म्हणजे गिझर चालू असेपर्यंत भिंतीत, लाकडी कपाटाच्या पाठीला लागून, एक तापलेले सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखे झाले. घरगुती वायरीचे साधे पीव्हीसी आवरण सत्तर अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. ते हळूहळू कडक होते, तडकते, काळवंडते.

एमसीबी या बाबतीत काहीच करत नाही. तिला दिसतो तो ८.७ अँपियरचा प्रवाह, आणि सोळा अँपियरच्या एमसीबीच्या लेखी तो पूर्णपणे निर्दोष असतो. ‘एमसीबी आहे ना, मग काळजी कशाला’ हा दिलासा इथे पोकळ ठरतो. एमसीबी जादा प्रवाह ओळखते, खराब जोड ओळखत नाही. जोड पूर्ण वितळून दोन वायरी एकमेकींना भिडल्यावर ती जरूर पडेल. तोवर शेजारच्या प्लायवूडने पेट घेतलेला असू शकतो. आगीनंतर सांगितले जाणारे शॉर्टसर्किट हे पुष्कळदा कारण नसून या लांबलेल्या प्रक्रियेचा शेवट असतो.

माणसाला धक्क्यापासून वाचवणारे उपकरण वेगळे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहते आणि तीस मिलिअँपियरचा फरक आढळताच पुरवठा तोडते. ओल्या शरीरातून त्याच्या कितीतरी पट प्रवाह सहज जाऊ शकतो, आणि सोळा अँपियरच्या एमसीबीला त्याची गंधवार्ताही लागत नाही. पण इथेही सॉकेट काढण्याचे काम आडवे येते. सांधा जुळवताना जवळ सापडली ती न्यूट्रल जोडली गेली आणि ती दुसऱ्याच वायरिंगची निघाली, तर हिशेब जुळत नाही आणि आरसीसीबी वारंवार पडू लागते. घरमालक वैतागतो. मग चूक शोधण्याऐवजी आरसीसीबीच बाजूला काढून वायर सरळ जोडण्याचा ‘उपाय’ केला जातो. रोग राहतो, वैद्य हाकलला जातो.

पाटी पुसली जाते

या सर्व तांत्रिक बाबींपेक्षा मोठे नुकसान आणखी एक आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. भिंतीवरचे सॉकेट ही एका अर्थाने भिंतीतल्या वायरीची पाटी असते. कन्सील्ड वायरिंग साधारणपणे बोर्डापासून उभे वर किंवा आडवे जाते, हे सुताराला, पडदे लावणाऱ्याला, वॉटर प्युरिफायर बसवणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. बोर्ड दिसला की त्याच्या रेषेत ड्रिल लावायचे नाही, एवढी समज या व्यवसायांत मुरलेली आहे. ब्रिटनमधल्या वायरिंगच्या नियमांत तर दिसणाऱ्या सॉकेटच्या उभ्या-आडव्या रेषेतला पट्टा हाच दडलेल्या वायरींचा मार्ग मानला जातो. सॉकेट काढून भिंत कोरी केली, की ती पाटी पुसली जाते, आणि वायर मात्र जिथल्या तिथे असते. दोन वर्षांनी त्या भिंतीवर शेल्फ ठोकायला आलेला माणूस कितीही सावध असला, तरी तो सावध राहील कशाच्या आधारावर?

ब्लँक प्लेटचे खरे मोल हे आहे. ती आत सांधा असल्याची खूण भिंतीवर कायम ठेवते आणि गरज पडली तर स्क्रू काढून तो सांधा तपासता येतो. पण नेमकी तीच घराच्या सजावटीत खुपते. लाखो रुपये खर्चून केलेल्या भिंतीच्या मधोमध पांढरा चौकोन कोणाला हवा असतो? त्यामुळे ग्राहक नको म्हणतो, इंटिरिअर डेकोरेटर त्याला दुजोरा देतो आणि इलेक्ट्रिशियन वाद घालत नाही. दोष एकट्या इलेक्ट्रिशियनच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्याला कामाचे पैसे पॉइंटच्या हिशेबाने मिळतात. काढलेल्या पॉइंटचे बहुधा मिळतच नाहीत.

कायदा काय म्हणतो

भारतीय वीज नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमाने याबाबत एक रेषा आखून दिली होती. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि तत्सम भाग बदलणे, त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर, कोणालाही करता येते; त्यापलीकडची वाढ, फेरफार वा दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगाराच्या हातूनच झाली पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये नवे सुरक्षा विनियम आणले, २०२३ मध्ये त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. पण या तरतुदीचा गाभा कायम राहिला. म्हणजे फुटलेले सॉकेट काढून तसेच नवे बसवणे हे घरमालकाच्या अखत्यारीतले काम म्हणता येईल. सॉकेट काढून वायरी आपसांत जोडणे हा मात्र जोडणीच्या स्वरूपातला बदल आहे, असाच त्या शब्दांचा सरळ अर्थ निघतो.

ही रेषा कांदिवलीतल्या, किंवा मुंबईतल्या कोणत्याही, घरात कितीजणांना ठाऊक असेल? वायरमनला परवाना विचारण्याची प्रथाच नाही. शेजाऱ्याने दिलेला मोबाइल क्रमांक हाच परवाना.

त्याच १९५६ च्या नियमांत आणखी एक तरतूद होती. पुरवठ्याशी जोडलेल्या प्रत्येक जोडणीची पाच वर्षांच्या आत एकदा तपासणी व्हावी, ती विद्युत निरीक्षकाने किंवा शासन सांगेल त्याप्रमाणे वीजपुरवठादाराने करावी. २०१० च्या विनियमांतही ती आली. इंग्लंडने भाड्याच्या घरांसाठी दर पाच वर्षांनी विद्युत तपासणी सक्तीची केली ती २०२० मध्ये. आपल्याकडे ती सहा दशकांहून अधिक काळ आधी कागदावर होती, हे वाचून अभिमान वाटावा की खेद, हा प्रश्नच आहे. बैठकीच्या खोलीपर्यंत येऊन बोर्ड उघडून पाहणारा तपासनीस शहरातल्या सामान्य रहिवाशाच्या अनुभवात नाही. लाखो सदनिकांच्या या महानगरात निरीक्षकांच्या तोकड्या यंत्रणेकडून तशी अपेक्षा करणेही व्यवहाराला धरून होणार नाही.

वीजपुरवठादाराची जबाबदारी मीटरपाशी संपते. उपनगरांत बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ पासून होती; पुढे ती रिलायन्सकडे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेली. बिलावरचे नाव बदलले, भिंतीतली वायर बदलली नाही. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल त्या घराच्या वायरिंगचा जन्मदाखला म्हणता येईल. त्यानंतर त्या वायरिंगच्या आयुष्यात काय घडले याची नोंद कुठेही होत नाही.

पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत

कांदिवलीत या नोंदींच्या अभावाला विशेष महत्त्व आहे. चारकोपची वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून उभी राहिली. लहान भूखंड आणि मूलभूत सोयी शासनाने द्यायच्या, घर रहिवाशाने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती कल्पना होती. घरे टप्प्याटप्प्याने वाढली, खोलीवर खोली चढली. अशा घरात वायरिंगही टप्प्याटप्प्यानेच वाढते. मूळचे सॉकेट हे वरच्या मजल्याच्या पुरवठ्याचे उगमस्थान होऊन बसते. तळमजल्यावरचे ते एक सॉकेट काढणे म्हणजे वरच्या बिऱ्हाडाच्या मुळावर हात घालणे.

स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या सोसायट्यांची कथा निराळी. २०२२ मध्ये मेट्रोच्या गाड्या लिंक रोडवरून आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरून धावू लागल्या आणि आधीच सुरू असलेल्या पुनर्विकासाच्या चर्चेला आणखी जोर आला. इमारत आज ना उद्या पाडायचीच आहे, या विचाराने संपूर्ण घराचे वायरिंग नव्याने करण्याचा खर्च कोणी करत नाही. पुनर्विकासाचा ‘उद्या’ मात्र दहा-दहा वर्षे उजाडत नाही. त्या काळात घरात दोन एअर कंडिशनर येतात, मायक्रोवेव्ह येतो, इंडक्शनची शेगडी येते. जुन्या दिव्या-पंख्यांच्या वायरीवरून नवे सॉकेट निघते, नको असलेले बुजवले जाते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीच्या बांधकामाचे परीक्षण महापालिका कायद्याने बंधनकारक केले आहे. त्याच इमारतीच्या आतल्या, तितक्याच वयाच्या वायरींचा सांगाडा कोणी तपासायचा, हे मात्र ज्याच्या-त्याच्यावर सोडलेले आहे.

त्यातून अनेक घरे भाड्याने दिलेली असतात. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पंखे किती, ट्यूबलाइट किती, गिझर चालू स्थितीत आहे, याची यादी तपशिलाने दिली जाते. मागच्या भाडेकरूने कुठले सॉकेट हलवले हे त्या यादीत नसते. घरमालक परगावी, दलालाला देणेघेणे नाही, आणि नवा भाडेकरू भिंतीवर खिळा ठोकायला मोकळा.

सोसायट्यांना या बाबतीत फार काही करता येत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. घरात दुरुस्ती काढणाऱ्या सभासदाकडून सोसायटी आजही अर्ज घेते, अनामत घेते. तुळई-खांबांना हात लावणार नाही, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग करून घेईन, डेब्रिज लिफ्टने नेणार नाही, असे लिहून घेते. खालच्या मजल्यावर पाणी गळले तर भांडण दुसऱ्याच दिवशी दारात येते, म्हणून तेवढी दक्षता. त्याच अर्जात परवानाधारक ठेकेदाराचे नाव व परवाना क्रमांक आणि काम संपल्यावरचा चाचणी अहवाल मागणे अशक्य नाही. अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. तो कागद पंप, नळ आणि अलार्म यांच्याबद्दल बोलतो, चौदाव्या मजल्यावरच्या कपाटामागे बुजवलेल्या सांध्याबद्दल नाही.

याहून सोपी आणि बिनखर्चाची गोष्ट घरमालकाच्या हातात आहे. खाचा बुजवण्याआधी प्रत्येक उघड्या भिंतीची मोबाइलवर छायाचित्रे घ्यायची. चौकटीपासून आणि जमिनीपासूनचे अंतर दिसेल अशी मोजपट्टी शेजारी धरायची. घर विकताना किंवा भाड्याने देताना ती पुढच्या माणसाला द्यायची. सॉकेट काढले असेल तर त्याची जागा एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवायची. घर विकताना खरेदीखताबरोबर शेअर सर्टिफिकेट, देखभाल शुल्काच्या पावत्या आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र हस्तांतरित होते. वायरिंगचा कागद त्या फाइलमध्ये आजवर कोणी मागितलेला नाही, त्यामुळे तो कोणी ठेवतही नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने मरण पावलेल्यांची संख्या बारा हजारांच्या पुढे होती. त्यात शेतातल्या पंपांपाशी, तुटलेल्या तारांखाली आणि घराच्या भिंतीजवळ गेलेले, सगळेच मोजलेले आहेत. दिवाळीच्या रंगकामासाठी सैल केलेल्या सॉकेटांची वेगळी रकाना त्या तक्त्यात नाही. कांदिवलीत येत्या दसऱ्यालाही रंगारी शिडी घेऊन येतील, प्लेटचे स्क्रू सैल करतील, आणि एमसीबीची पेटी बहुतेक घरांत दाराच्या वर, कॅलेंडरच्या मागे असेल.